चालू की थांब

चे दोकसुनची आई बुसानमधल्या योंगदोच्या गोदीत जहाजांचा गंज काढायची. जहाजाच्या पोटाशी फळी टांगायची, तिच्यावर बसायचं आणि दिवसभर हातोडीनं ठाणठाण करायचं. पन्नाशीच्या आतच तिचे कान गेले, मग घरात सगळेच ओरडून बोलायला लागले. दोकसुनचा आवाज खणखणीत झाला तो तिथे. बंदरातल्या क्रेनवर नोकरी मागायला गेली तेव्हा साहेबानं विचारलं, बाईमाणसाला चाळीस मीटर उंचीवर भीती नाही का वाटणार? ती "नाही" म्हणाली ते इतक्या मोठ्यानं, की शेजारच्या खोलीतल्या दोघांनी दार उघडून पाहिलं. नोकरी लागली.

सत्तावीस वर्षं ती त्या काचेच्या पेटीत बसली. पायाखाली काच, काचेखाली जहाज, आणि आठ-आठ तास मान खाली. सारखं उतरायला लागू नये म्हणून सकाळपासून घोटभर पाणीसुद्धा प्यायची नाही. डब्यात किंबापचे, म्हणजे शेवाळात गुंडाळलेल्या भाताचे, चार तुकडे आणि दोन संत्री. नवरा मासेमारीच्या बोटीवर चढला तो दुसऱ्याच बाईच्या दारात उतरला, हे ती स्वतःच हसून सांगायची. हेरिनला, म्हणजे मुलीला, तिनं एकटीनं वाढवलं.

खाली धक्क्यावर मा जोंगगिल असायचा. एकावर एक रचलेल्या कंटेनरच्या कोपऱ्यांना लोखंडी खटके असतात. ते काढायचे, लावायचे हे त्याचं काम. तिच्याहून तीन वर्षांनी लहान, म्हणून थोरल्या बहिणीला म्हणतात तसं तो तिला 'नूना' म्हणायचा. दिवसभर वॉकीटॉकीवर दोघांची कुरबुर चालायची. "नूना, जरा डावीकडे घे. अगं तुझ्या डावीकडे नाही, माझ्या." ती म्हणायची, तुला डावं-उजवं कळत असतं तर तू वर असतास आणि मी खाली. एकदा, सुरुवातीच्या वर्षांत, तिच्या कंटेनरचा कोपरा जोंगगिलच्या हेल्मेटला घासून गेला. नुसतं घासणंच, पण तिला दोन दिवस अन्न गेलं नाही. तेव्हापासून दोन पेट्यांच्या मधल्या फटीत शिरण्याआधी तो मान वर करून हात दाखवायचा आणि ती क्रेनच्या दिव्याची एकदा उघडझाप करायची. असा नियम कुठल्या पुस्तकात नव्हता. त्या दोघांत मात्र तो वीस वर्षं पाळला गेला.

मग तिला वरून खाली आणलं. बंदराच्या इमारतीत एक खोली केली, क्रेनवरच्या कॅमेऱ्यांचे पडदे लावले, आरामखुर्च्या ठेवल्या. तिथे बसून दांडी हलवली की पलीकडे क्रेन हलायची. मान दुखायची थांबली, हवं तेव्हा पाणी पिता येऊ लागलं, आणि दोकसुननं मनापासून आभार मानले. सेऊलहून एक तरुण इंजिनियर आला. तिचे हात कसे चालतात ते यंत्राला शिकता यावं म्हणून त्यानं तिला तारा लावलेले हातमोजे दिले आणि आठ महिने शेजारी बसून राहिला. मुलगा सभ्य होता. मध्येच विचारायचा, "इथे का थांबलात?" ती म्हणायची, "वाटलं." तो पुन्हा विचारायचा, वारा होता का, दोर झुलत होता का, खाली कुणी दिसलं का. ती म्हणायची, तसं काही नाही, वाटलं. त्या 'वाटलं'चं काय लिहायचं हे त्याला कळेना. शेवटी त्यांनी कारणाचा रकानाच काढून टाकला.

आठ महिन्यांनी हातमोजे परत घेतले. आता क्रेन आपली आपणच चालणार होती, आणि अडलीच तर माणसाला विचारणार होती. ती माणसं खोलीत असायची गरज नव्हती. खोली बंद झाली.

अडलेल्या यंत्रांना उत्तरं देण्याचं काम एका जाळ्याकडे गेलं. पूर्वी गावोगाव भातलावणीला सगळे एकमेकांच्या शेतात राबायचे, त्या इर्जिकीचंच नाव जाळ्याला दिलं होतं, आणि लोकही त्याला इर्जीकच म्हणत. इर्जिकीला कचेरी नव्हती, मालक नव्हता, साहेब नव्हता. सात देशांतली अकराशे माणसं आपापल्या घरी बसलेली. नियम करायचा तो मतदानानं, बदलायचा तोही मतदानानं. हेरिन घरूनच कुणाकुणासाठी चित्रं काढायची, तिला यातलं कळायचं. तिनं आईला स्वयंपाकघरातल्या टेबलावर सगळं मांडून दिलं. "आई, आता तुझ्यावर कुणी ओरडायचं नाही, तूच मालकीण," असं तिनं सांगितलं. दोकसुनला बरं वाटलं. सत्तावीस वर्षांत तिच्यावर पुष्कळ ओरडून झालं होतं.

काम सोपं होतं. पडद्यावर चित्र यायचं: दोर, पेटी, खालची जागा. खाली दोन बटणं, 'चालू' आणि 'थांब'. सहा सेकंद. बंदर कुठलं ते कळत नसे. पाट्या, जहाजांची नावं, कंटेनरवरचे आकडे, सगळ्यांवर काळे ठिपके. एकच चित्र तिघांना जायचं आणि दोघं म्हणतील ते व्हायचं. बाकीचे दोघं कोण, तेही कळत नसे. दिवसाला चारशे चित्रं.

पहिले काही आठवडे ती खूप वेळा 'थांब' म्हणाली. तिला सवय नव्हती. चित्र हलत नव्हतं, वारा कळत नव्हता, खुर्चीतून कमरेला दोराचा झोका जाणवत नव्हता. मग एक सूचना आली: तुमचं वजन कमी होत आहे. इर्जिकीत प्रत्येकाच्या नावावर एक वजन होतं. झटपट उत्तर दिलं की ते वाढायचं, उगाच थांबवलं की घटायचं. थांबवणं उगाच होतं की नाही हे कोण ठरवतं? यंत्रच ठरवायचं, आणि यंत्राला तसं ठरवायला सभासदांनीच मत देऊन सांगितलं होतं. वजन कमी झालं की मत हलकं व्हायचं आणि चित्रंही कमी यायची. दोकसुन शिकली. उन्हाळ्याच्या तोंडाशी ती तीन सेकंदांत उत्तर द्यायला लागली. हेरिन चेष्टेनं म्हणाली, "आई, तू तर मासळीबाजारातल्या बायकांसारखी बघता बघता निवडतेस." दोकसुनला ते आवडलं नाही.

जून महिन्यात समुद्रावरून धुकं येतं. त्या दिवशी ते सकाळीच खिडकीपर्यंत आलं होतं. रेडिओवर दहाच्या बातम्या संपत आल्या होत्या, तिनं सातूचं पाणी उकळायला ठेवलं होतं आणि किटली शिट्टी द्यायच्या बेतात होती. सकाळपासून ती तीनदा 'थांब' म्हणाली होती आणि तिन्ही वेळा उगाच थांबवल्याची सूचना आली होती. मग आणखी एक चित्र आलं. धुकट. दोन पेट्यांमधली फट, वरून उतरणारी तिसरी पेटी, आणि फटीच्या तळाशी राखाडी रंगाचं काहीतरी. घडी केलेली ताडपत्री असते तसं. तिनं पाहिलं. ताडपत्रीच ती. किटली वाजली. तिनं 'चालू' दाबलं आणि गॅस बंद करायला उठली.

दुपारी दोनला जोंगगिलच्या बायकोचा फोन आला. सकाळी धक्क्यावर जोंगगिलचा पाय पेटीखाली सापडला होता, शस्त्रक्रिया चालू होती. बाई रडत नव्हती. एकच वाक्य पुन्हा पुन्हा सांगत होती, की मनगटावरचा पट्टा वाजला नाही, वाजला असता तर हे आत गेलेच नसते. पूर्वी हात दाखवून आत जायचं ते आता पट्ट्यावर आलं होतं. पट्टा गप्प असला की वाट मोकळी समजायची.

दोकसुननं विचारलं, किती वाजता? दहा वाजून गेले होते, बाई म्हणाली. दहा-बारा मिनिटं.

इस्पितळाच्या वऱ्हांड्यात जोंगगिलचे कपडे एका पारदर्शक पिशवीत बांधून ठेवले होते. बूट एकच. वर रेनकोट होता, घडी न करता कोंबलेला. राखाडी. धक्क्यावर सगळ्यांनी पिवळेच घालायचे असतात, पण त्याचा फाटला होता आणि नवा अजून मिळाला नव्हता, म्हणून तो मेव्हण्याचा घालून गेला होता. दोकसुन त्या पिशवीकडे बघत बसली. जोंगगिलच्या बायकोनं तिला कॉफी आणून दिली. ती तिच्या हातात गार झाली.

डाव्या पायाचा गुडघ्याखालचा भाग काढावा लागला.

घरी आल्यावर तिनं इर्जिकीला लिहिलं. सकाळी दहा वाजून दहा मिनिटांच्या सुमारास मी एका चित्राला 'चालू' म्हटलं, ते चित्र बुसानच्या धक्क्यावरचं होतं का, एवढंच मला सांगा. उत्तर लगेच आलं आणि फार प्रेमळ होतं. चित्र आणि उत्तर यांची गाठ त्याच क्षणी सोडली जाते, म्हणजे कुणा एका सभासदावर ओझं राहत नाही. हे सभासदांच्याच काळजीपोटी, सभासदांनीच ठरवलेलं आहे. आपल्याला त्रास होत असल्यास दोन दिवस विश्रांती घ्यावी. खाली कुणाचंही नाव नव्हतं.

तिनं हेरिनला विचारलं, हे लिहिलं कुणी? हेरिननं दोनदा वाचलं. "कुणी नाही गं, आई. हे आपोआप येतं."

"मग कुणाशी बोलू?"

हेरिन म्हणाली की ठराव मांडता येतो, सभासद आहेस ना तू.

दोकसुननं ठराव मांडला. आपण कुठल्या बंदराला उत्तर देतो हे प्रत्येकाला दिसावं, आणि 'चालू' म्हटल्यावर पुढे काय झालं तेही कळावं. दोनच ओळी होत्या, त्या लिहायला तिला अख्खी संध्याकाळ लागली. मतदान आठवडाभर चाललं. शंभरातल्या एक्क्याऐंशी वजनानं ठराव पडला. ज्यांना कारण लिहायचं होतं त्यांनी लिहिलं होतं, हेरिननं ते सगळं आपल्या भाषेत करून दिलं. वेळ वाढेल, असं बऱ्याच जणांनी म्हटलं होतं. एकानं विचारलं होतं की कळून करणार काय. कुठल्या देशातल्या कुणी कोण जाणे, एकानं फक्त एवढंच लिहिलं होतं: मला नका सांगू.

त्या ओळीवर तिची नजर अडकली. त्या सकाळचं चित्र तिघांना गेलं होतं. असंच काहीसं राखाडी या माणसानंही कधी पाहिलं असेल का, असा विचार तिच्या मनात आला आणि काही केल्या गेला नाही.

चौकशीला एक सरकारी निरीक्षक आला. वयस्क, थकलेला, बूट काढताना भिंतीचा आधार घेणारा. जोंगगिलच्या बायकोनं त्याला दोकसुनचं नाव दिलं होतं, कारण दोकसुननं तिला वऱ्हांड्यातच सगळं सांगून टाकलं होतं. निरीक्षक टेबलाशी बसला. बंदरवाले म्हणतात क्रेन आमची नाही, भाड्याची आहे. क्रेनवाले म्हणतात यंत्र थांबलं होतं, पुढे जायला माणसानं सांगितलं. इर्जीक म्हणते कुणा एका माणसानं सांगितलं नाही. हे सगळं त्यानं तिला भाजीचे भाव सांगावेत तसं सांगितलं.

मग म्हणाला, "चे बाई, तुम्हीच होतात असं तुम्हाला वाटतं का?"

"माहीत नाही."

"चित्र तेच होतं?"

"ताडपत्री होती. नाहीतर तो होता."

निरीक्षकानं पेन कागदावर टेकवून ठेवलं. "हे मी कसं लिहू?"

ती म्हणाली, जसं आहे तसं लिहा. तो म्हणाला, 'कदाचित'साठी या फॉर्ममध्ये जागा नाही. सातूचं पाणी पिऊन तो गेला. जाताना दारात त्यानं सांगितलं की या वर्षातली त्याच्याकडची ही पाचवी गोष्ट. पाचही ठिकाणी माणूस जखमी झालेला दिसतो, जखमी करणारा मात्र मिळत नाही.

जोंगगिल शुद्धीवर होता, बोलत होता, पण दोकसुनला त्याच्यासमोर जायला तीन आठवडे लागले. संत्री घेऊन गेली. तो खिडकीशी खुर्चीत बसला होता, मांडीवर चादर. आधी त्यानं थट्टा केली, आता आपल्याला डावं-उजवं नीट कळतं, डावं ते नाहीसं झालंय. ती हसली नाही. तिनं सगळं सांगितलं. किटली, ताडपत्री, तीन वेळा वजन घटलं ते, आणि ठराव पडला तेही.

जोंगगिलनं संत्रं हातात फिरवलं. मग म्हणाला, "नूना, पाय गेला ते गेला. पण मी इथे पडल्या पडल्या कुणाला शिव्या देऊ ते मला कळत नाही. त्या लोखंडाला किती देणार? बायको जवळ येते, तिच्यावरच ओरडतो. लेकीवर ओरडलो काल."

"माझ्यावर ओरड."

"तू होतीस का पण?"

"तेच तर ठाऊक नाही."

"तसं नको." त्याचा आवाज चढला नाही, उलट उतरला. "होते म्हण, नाहीतर नव्हते म्हण. तू तरी अर्धंमुर्धं बोलू नकोस. मला कुणाचा तरी राग येऊ दे, नूना."

दोकसुननं त्याच्याकडे पाहिलं. वीस वर्षं ती वरून या माणसाचं टाळकं बघत आली होती, एवढ्या जवळून तोंड क्वचितच पाहिलं होतं. ती म्हणाली, "मीच होते."

त्यानं मान हलवली. एकदा, मग पुन्हा. संत्रं खिडकीच्या कठड्यावर ठेवलं आणि तोंड फिरवलं. "आता जा," म्हणाला.

त्यानंतर तो तिच्याशी कधीच बोलला नाही. महिन्याभरानं त्याच्या बायकोचा फोन आला. आवाज अवघडलेला होता. ती म्हणाली की हे आता शांत झोपतात, लेकीशी नीट वागतात, जेवतात, तुमचं नाव मात्र घरात काढू देत नाहीत. मग थांबून म्हणाली, तुम्ही आमच्यावर उपकार केलेत की काय केलंत, मला काही समजत नाही. दोकसुनलाही समजत नव्हतं. आपण खोटं बोललो की खरं, हेच तिला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक होण्याची वाट तर गाठ सोडल्यासारखी त्या सकाळीच सुटून गेली होती.

काम तिनं सोडलं नाही. हेरिननं सांगून पाहिलं, पण तिनं एक ठरवलं होतं. प्रत्येक चित्राला पुरते सहा सेकंद द्यायचे आणि किंचितही शंका आली तर 'थांब' म्हणायचं. वजन उतरत गेलं. चारशे चित्रांची दीडशे झाली, मग साठ. तिला वाटलं, ही आपली शिक्षा. पण शेवाळबाजाराजवळच्या खाणावळीत तिला जुन्या खोलीतली एक सहकारीण भेटली. तीही इर्जिकीतच होती आणि तिचं वजन भरभक्कम होतं. तिचीही चित्रं शंभरावर आली होती. सगळ्यांचीच येत होती. रश्शात भात कालवत ती म्हणाली, यंत्र आता फारसं विचारतच नाही.

दोकसुनचा घास हातातच राहिला. धुकं तेवढंच येतंय, वारा तेवढाच, खाली माणसं तेवढीच. मग यंत्राला पूर्वी जिथे अडायला व्हायचं तिथे आता अडत का नाही? सहकारीण म्हणाली, शिकलं असेल. दोकसुन म्हणाली, कुणाकडून? आणि उत्तर तिचं तिलाच कळलं. अकराशे माणसांनी दिवसाला चारशे वेळा, तीन-तीन सेकंदांत 'चालू' म्हटलं होतं. तेच शिकलं ते. आठ महिने हातमोजे घालून तिनं शिकवलेलं थांबणं पुढच्या काही महिन्यांत तिच्यासकट सगळ्यांनी पुसून काढलं होतं.

नोव्हेंबरात सगळ्या सभासदांना पत्र आलं. शंका उरल्या नसल्यामुळे इर्जीक आवरती घेत आहोत, ज्यांचं वजन कमी त्यांना आधी मोकळं करण्यात येईल, आपण सर्वांनी मिळून हे यश मिळवलं आहे. पत्रावर मतदानही झालं होतं. दोकसुनचं मत मोजण्याइतकं वजन तिच्याकडे उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बसनं बंदराच्या फाटकाशी गेली. ओळखीचा पहारेकरी नव्हता, तिथेही आता कॅमेराच होता. आत तिला कुणी सोडलं नसतं, म्हणून ती बाहेर कॉफीच्या यंत्राजवळ थांबली. खटके काढणारी माणसं पाळीवर जाण्याआधी तिथे येतात हे तिला माहीत होतं. आठजण आले. पाच परदेशातले, तीन इथले, सगळे कंत्राटावर, रेनकोट सगळ्यांचे पिवळे. तिनं आपलं नाव सांगितलं, सत्तावीस वर्षं वर होते म्हणून सांगितलं. मग सांगितलं की पट्टा गप्प राहिला म्हणजे वाट मोकळी आहे असं समजू नका. गप्प राहायला आम्हीच त्याला शिकवलंय.

ते ऐकत होते. तिचा आवाज अजून तसाच खणखणीत होता, पलीकडच्या रस्त्यावरची माणसंही वळून बघत होती. एकानं परदेशातल्या सोबत्यांना समजेल असं ते पुन्हा सांगितलं. आठांतला एक, पन्नाशीचा, दाढीचे खुंट पांढरे झालेला, तिच्या अगदी जवळ आला.

"मग आम्ही करायचं काय, मावशी? आत न जाऊन चालतं का?"

तिला वाटलं होतं, नुसतं सांगितलं की झालं. पुढचं तिनं ठरवलंच नव्हतं. वर बघून हात दाखवा म्हणावं, तर वर कुणाला दाखवणार. थांबा म्हणावं, तर थांबलेल्याचं वजन त्यांच्याही पट्ट्यावर मोजलं जात असणार.

"एकमेकांकडे बघत राहा," ती म्हणाली. तिचं तिलाच ते पोकळ वाटलं. त्या माणसानं मात्र मान डोलावली, कॉफीचा कागदी पेला चुरगाळून टोपलीत टाकला.

आठही मनगटं एकदम वाजली. पाळी सुरू झाली होती. माणसं एकामागून एक फाटकातून आत गेली, शेवटचा गेल्यावर दांडा खाली आला. दोकसुन थोडा वेळ उभी राहिली, आणि मग नऊ वाजून पाचच्या बसनं परत गेली.